नकलेलाही अक्कल लागते

नगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर) कुठल्याही तालुक्याच्या गावी जा आणि मंडपवाल्याला विचारा, "शार्पी आहेत का?" तो उलट विचारील, "किती लावायच्या? चार का आठ?" लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो, शाळेचं गॅदरिंग असो नाहीतर यात्रेतला ऑर्केस्ट्रा, आभाळात भाल्यासारखा घुसणारा, मान वेळावत फिरणारा तो प्रकाशाचा झोत म्हणजे शार्पी. वनस्पती तुपाला डालडा, फोटोकॉपीला झेरॉक्स, तसं झोताला शार्पी.

गंमत अशी, की शार्पी हे एका विशिष्ट दिव्याचं नाव आहे. इटलीत बेर्गामो शहराजवळ क्ले पाकी नावाची कंपनी आहे, तिने तो २०१० मध्ये बाजारात आणला. त्याच्या आतला दिवा होता फक्त १८९ वॅटचा. त्याआधी असा झोत पाडायला याच्या कितीतरी पट वॅटचे, अवजड दिवे लागायचे. युक्ती साधी वाटते. प्रकाश जिथून निघतो तो ठिपका जितका बारीक, तितका झोत सरळ ठेवणं सोपं. म्हणून दिव्याच्या आतली ठिणगी अगदी लहान ठेवायची, तिच्यामागे नेमक्या आकाराचा आरसा, पुढे मोठं भिंग. कमी विजेत, कमी वजनात हवेत प्रकाशाची रेघ ओढता आली पाहिजे, असा प्रश्न कुणीतरी स्वतःला विचारला आणि त्याचं उत्तर तयार केलं. याला नवनिर्मिती म्हणतात.

आपल्याकडे शार्पी म्हणून जे टांगलं जातं, त्यातलं बहुतेक त्या कारखान्यातून आलेलं नसतं. दिसायला तसंच, फिरतं तसंच, नावही तेच. पाटी मात्र दुसऱ्याच कुणाची, किंवा कुणाचीच नाही.

यावर गळा काढायला हा लेख लिहिलेला नाही. नक्कल केली म्हणून माझी कुणाशी भांडणं नाहीत. नक्कल अर्धवट केली, तीही नेमका कामाचा अर्धा भाग टाकून देऊन, हे माझं भांडण आहे.

दोन्ही बाजूंचे शहाणे

या विषयावर बोलणारे दोन गट आहेत आणि दोन्ही आपल्याला चुकीच्या दिशेला नेतात.

पहिला गट नाक मुरडणाऱ्यांचा. "काय हो, सगळा चायनीज माल." हे वाक्य ज्या फोनवर टाइप होतं तो कुठे जुळवला गेला, हे ते बघत नाहीत. मूळ शार्पीची किंमत लाखांत होती. नक्कल काही हजारांत मिळते. त्या नकलेमुळेच तालुक्याच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा फिरता दिवा हातात धरायला मिळाला, त्याचे चॅनेल लावायला मिळाले. ज्यांना मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत सगळं आयतं मिळतं, त्यांनी इथल्या पोराला अस्सलपणाचे धडे देऊ नयेत.

दुसरा गट जुगाडाच्या आरत्या ओवाळणाऱ्यांचा. "आमच्या पोरांचं डोकं बघा, डब्यात बल्ब बसवून स्पॉट केला!" केला, खरंच केला. हौशी रंगभूमीवर तेलाच्या-तुपाच्या डब्यांचे स्पॉट झाले, रंगीत जिलेटीन कागद लावून त्यातून चांदणं पडलं. मिठाच्या पाण्याचे डिमर झाले: भांड्यात मिठाचं पाणी, त्यात दोन पत्रे, एक पत्रा खाली सोडला की दिवा उजळतो, वर घेतला की मंदावतो. हुशारी होतीच. पण हा पाण्याचा डिमर काही आपल्या मातीत उगवलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला युरोप-अमेरिकेच्या थिएटरांतही पाण्याचे डिमर होते. त्यांनी पुढे ते टाकून दिले, कारण उघड्या पाण्यात वीज सोडणं म्हणजे माणूस मारायची सोय. आपण मात्र त्याच्या आठवणी सांगताना डोळे ओले करतो आणि तिथेच थांबतो.

नाक मुरडणाऱ्याला वाटतं, नवं काही करणं आपल्या आवाक्यातलं नाही. आरती ओवाळणाऱ्याला वाटतं, ते तर आपण केव्हाच केलं. थोडक्यात, दोघांनाही हातपाय हलवायला नको असतात.

सगळं जग उसनंच आणतं

रंगमंचाच्या सामानाचा इतिहास हा उसनवारीचा इतिहास आहे. तुम्ही ज्याला पार म्हणता, तो गोल डबा घ्या. त्याच्या आतला मूळ दिवा नाटकासाठी बनलेलाच नव्हता. भिंग, आरसा आणि तार एकाच काचेत बंद केलेला तो मोटारीच्या हेडलाइटचा भाऊबंद. पार-६४ या नावातला ६४ म्हणजे दिव्याचा व्यास, इंचाच्या आठव्या भागात मोजलेला. म्हणजे आठ इंच. असे दिवे विमानं उतरताना पुढे लावायचे. कुणीतरी तो उचलला, पत्र्याच्या नळकांड्यात घातला, पुढे रंगीत कागद लावला, आणि १९७० च्या दशकातल्या रॉक कॉन्सर्टना स्वस्त, दणकट, ट्रकमध्ये फेकली तरी न बिघडणारी वस्तू मिळाली. नवा शोध त्यात एकही नव्हता. प्रश्न मात्र नवा होता: रोज एका गावात उभं राहून रात्री उतरणाऱ्या स्टेजला कसला दिवा परवडेल?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ मध्ये आलं आणि प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे फिरत्या रंगमंचावर उभा राहिला. फिरता रंगमंच हा काही मराठी शोध नव्हे. जपानच्या काबुकी रंगभूमीवर तो अठराव्या शतकातच होता, जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला. पण एकाच माणसाची अनेक सोंगं कोर्टात एकामागून एक उघडी पडणार, मधे पडदा पाडून चालणार नाही, ही अडचण त्या नाटकाची स्वतःची होती. उसनं यंत्र त्या अडचणीला जोडलं गेलं म्हणून ते आपलं झालं. नुसतंच फिरलं असतं तर जत्रेतला पाळणा झाला असता.

कोलकात्याचे तापस सेन आठवा. उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात १९५९ साली त्यांनी कोळशाच्या खाणीत पाणी भरताना दाखवलं, स्टेजवर पाण्याचा थेंब न आणता, केवळ प्रकाशाच्या जोरावर. त्यांच्याकडे परदेशातल्यासारखं सामान नव्हतं. पण पाणी चढताना माणसाला काय दिसतं, हे त्यांनी बघितलेलं होतं. सामान त्यामागून आलं.

आणि नक्कल जाणूनबुजून सोपी केली की काय होतं, त्याचंही उदाहरण तुमच्या हाताखालीच आहे. १९८६ पूर्वी एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीच्या डिमरशी बोलेलच याची खात्री नसे. मग अमेरिकेतल्या रंगतंत्रज्ञांच्या संघटनेने एक सामाईक भाषा ठरवली: डीएमएक्स-५१२. एका वायरीवर ५१२ चॅनेल, कुणीही वापरा. आज शेवगावच्या लाईटवाल्याकडे चार वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे एका बोर्डवर चालतात, ते या मोकळ्या ठेवलेल्या भाषेमुळे. म्हणजे ज्या गोष्टीने छोट्या माणसाला सर्वात जास्त दिलं, ती मुळात सगळ्यांनी नक्कल करावी म्हणूनच लिहिलेली होती.

मग कुठे अडलं?

काय उचललं आणि काय टाकलं

नक्कल करणारा तीन गोष्टी आधी उचलतो: आकार, नाव आणि स्टिकरवरचा आकडा. कारण विकताना या तीनच दिसतात.

टाकून काय देतो ते बघा. तापमान वाढलं की दिवा आपोआप बंद करणारा स्विच. पडू नये म्हणून दुसरी पोलादी वायर अडकवायची जागा. नीट जोडलेलं अर्थिंग. सुटे भाग. आणि मॅन्युअल. चांगल्या बीमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, की जळू शकेल अशा वस्तूपासून हा झोत इतके मीटर लांब ठेवा. इतक्या बारीक जागेत कोंडलेला प्रकाश म्हणजे भिंगाखालचं ऊन. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल तर पुढचं सांगायला नको. आता हा दिवा कुठे लावतात? कापडी मंडपात, तमाशाच्या तंबूत, झालरी आणि थर्माकोलच्या मधोमध.

सर्वात स्वस्त उदाहरण टर्मिनेटरचं. डीएमएक्सच्या वायरीच्या शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा एक रेझिस्टर लावायचा असतो, नाहीतर सिग्नल टोकाला आपटून परत येतो आणि दिवे वेड्यासारखे फडफडतात. या तुकड्याची किंमत काही रुपये. तरी भर कार्यक्रमात दिवे फडफडतात, ऑपरेटर बोर्डला दोन चापट्या मारतो आणि म्हणतो, "मालच डुप्लिकेट." प्रत्येक वेळी माल दोषी असतोच असं नाही. कधी वायर माईकची असते आणि टोकाला काहीच नसतं. वस्तू आली, तिच्यामागचं ज्ञान आलं नाही.

याची तुलना पेट्रोमॅक्सशी करा. तोही एका कंपनीचा ब्रँड, बर्लिनचा. त्याच्याही असंख्य नकला झाल्या आणि नाव वस्तूला चिकटलं. पण पेट्रोमॅक्स बिघडला तर गावातला माणूस तो दुरुस्त करी. मेंटल बदल, पिन मार, पंपाचं वॉशर तेलात भिजव. नक्कल पोचली तसं तिचं शास्त्रही पोचलं. त्याच उजेडात वर्षानुवर्षं वग रंगले. आजच्या नकली बीमचं आतलं कार्ड जळलं की तो भंगारात. कारण त्या कार्डचा नकाशा विकणाऱ्याकडेही नाही.

नगरला तर हे जास्त लागायला हवं. या शहराच्या एमआयडीसीत अनेक वर्षं एल अँड टीचा स्विचगिअरचा कारखाना चालला. २०२० मध्ये तो श्नायडरकडे गेला. वीज सुरक्षित तोडायची कशी, हे ज्या शहरातल्या कामगारांच्या हातांना पाठ आहे, त्याच शहरातल्या मंडपात उघड्या वायरी खिळ्यांना गुंडाळलेल्या दिसतात. ज्ञान तीन-चार किलोमीटरवर आहे. मधे फक्त 'हे आपलं काम नाही' ही भिंत आहे.

या अर्धवट नकलेची किंमत कोण भरतं, तेही सांगून टाकू. स्टेजवरचा पाहुणा नाही. मंडपवालाही फारसा नाही. पहाटे तीन वाजता, दवाने ओल्या झालेल्या लोखंडी ट्रसवर चढून दिवे उतरवणारा अठरा-वीस वर्षांचा पोरगा ती किंमत भरतो. तुमच्याच वयाचा. त्याच्या पायात चप्पल असते.

झोत दिसतो, चेहरा दिसत नाही

समजा उद्या नक्कल शंभर टक्के पूर्ण झाली. सगळे स्विच, सगळं अर्थिंग, सगळं मॅन्युअल आलं. तरी एक प्रश्न उरतो. तो दिवा आपल्या स्टेजचा आहे का?

बीमचा दिवा स्वतः दिसण्यासाठी बनलेला आहे. धूर सोडायचा, हवेत रेघा ओढायच्या, हजारो लोकांना लांबून दिसेल अशी छत्री उभी करायची. मोठ्या कॉन्सर्टमध्ये हे काम तो फार सुंदर करतो. पण नगर जिल्ह्याचा रंगमंच कुठला? संगमनेर ही शाहीर अनंत फंदींची (१७४४-१८१९) भूमी. तमाशा गाजवणाऱ्या फंदींना अहिल्याबाई होळकरांनी कीर्तनाकडे वळवलं अशी आख्यायिका आहे, आणि त्या अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. याच संगमनेरच्या कांताबाई सातारकरांनी उभं आयुष्य तमाशाच्या बोर्डावर काढलं आणि २०२१ मध्ये त्या गेल्या. सदाशिव अमरापूरकर नगरच्याच हौशी रंगभूमीवर घडून पुढे सिनेमात गेले. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नगरला होते, एकांकिकांचा महाकरंडक इथे होतो. तमाशा, कीर्तन, नाटक, एकांकिका. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रेक्षक चेहरा बघायला आलेला असतो. लावणीतली नजर, सोंगाड्याची भुवई, कीर्तनकाराचा हात, नटाचा थांबलेला श्वास.

मशालीच्या काळात उजेड कमी होता, म्हणून कलावंत उजेडाजवळ येई आणि चेहरा दिसे. आज उजेड शंभरपट आहे आणि तो तंबूच्या छतावर नाचतोय. बाई गाते आहे आणि तिच्या डोळ्यांवर निळी सावली.

चेहऱ्यावर जो पडतो तो एलईडी पार. त्याची गोष्ट आणखी मजेशीर. लाल, हिरवा आणि निळा मिसळले की डोळ्याला पांढरा उजेड वाटतो. पण त्या पांढऱ्यात मधले पिवळे-केशरी पट्टे जवळजवळ नसतात. आपली गव्हाळ-सावळी कातडी, हळदीचा मळवट, केशरी फेटा, हे सगळं नेमकं त्याच पट्ट्यात जिवंत होतं. म्हणून स्टेजवरचा माणूस आजारी दिसतो. परदेशात हे कुणाच्या तरी लक्षात आलं, त्यांनी तीन रंगांवर समाधान मानलं नाही. अंबर घातला, पांढरा घातला, पोपटी हिरवा घातला. सेलेडॉर नावाच्या दिव्यात तर सात रंगांचे एलईडी बसवले. त्यांनी त्यांच्या नटांचे चेहरे समोर ठेवून हे केलं. आपल्या चेहऱ्यांना, नऊवारीच्या रंगांना, बुक्क्याला आणि गुलालाला कोणते रंग लागतात, हे मोजायला आपल्याकडे कोण बसलंय? यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक अंधारी खोली, चार रंगांचे एलईडी, दोन माणसं आणि एक रविवार पुरतो.

तुमच्या फोनचंही यात नातं आहे. गॅदरिंगच्या रीलमध्ये आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात ना? स्वस्त पार मंद करताना तो दिवा भराभर चालू-बंद होत असतो. ती गती कमी ठेवली की डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही. आणि स्टिकरवरचं '५४ गुणिले ३ वॅट' प्रत्यक्ष मीटरवर तितकंच भरेल असंही नाही. साधं वॅटमीटर लावून बघा. ज्याला मोजता येतं त्याला सहजासहजी कुणी फसवत नाही.

धूळ हा आणखी एक मुद्दा. यात्रांचा हंगाम फाल्गुन-चैत्रापासूनचा, उघडं मैदान, ट्रकवर उभारलेलं स्टेज. नाट्यगृहासाठी बनलेला दिवा अशा धुळीत गुदमरतो. जनरेटरची वीज वर-खाली होते. फड रोज नव्या गावाला. मोजक्या माणसांनी तासाभरात चढवता-उतरवता येणारा, धूळ पचवणारा, चेहरा उजळणारा आणि नारायणगाव-संगमनेरच्या पट्ट्यात दुरुस्त होणारा दिवा: ही तमाशाची मागणी आहे. इटलीतल्या माणसाने ती का पुरी करावी? त्याला ती माहीतच नाही. नक्कल करणाऱ्याला तर ती माहीत असूनही उपयोग नाही, कारण तो दुसऱ्याच्या उत्तराची नक्कल करतोय. प्रश्न कुणी लिहिलेलाच नाही.

"पब्लिकला हेच लागतं"

हे वाक्य येणार, मला ठाऊक आहे. पब्लिकला काय लागतं हे पब्लिकला दाखवल्याशिवाय कळत नाही. चेहरा नीट उजळलेला तमाशा आणि छतावर झोत नाचवणारा तमाशा एकाच यात्रेत शेजारी ठेवून कुणी पाहिलंय का? सुपारी देणारा विचारतो, "किती शार्पी?" कारण मोजायला त्याला तेवढंच येतं. आपण त्याला दुसरं माप दिलंच नाही.

आणि 'लागतं' या शब्दाला मर्यादाही असते. २०२४ च्या गणेशोत्सवात पुण्यात पोलिसांना मिरवणुकीतल्या घातक लेझर झोतांवर बंदी घालावी लागली. लेझर आणि बीम या वेगळ्या वस्तू आहेत, पण वृत्ती एकच: त्याने चार लावले, आपण आठ लावू. नकलेची ही सर्वात गरीब जात आहे. यात वस्तूचीही नक्कल नसते, शेजाऱ्याची असते.

आपल्या जिल्ह्याने हे आधी केलं आहे

शेवटचा आक्षेप खिशाचा. "नवं बनवणं श्रीमंतांचं काम. आपण खेड्यातले." हे नगरमध्ये बसून म्हणू नये.

कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना १९७२ मध्ये याच शहरातून निघाली. ती मुळात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या चाओ या मोपेडवर बेतलेली. म्हणजे नक्कलच, पण चोरून नव्हे, परवाना घेऊन. आणि ती तिथे थांबली नाही. चाओ एकट्या माणसाची गाडी. इथे गाडीवर बायको, पोर, दुधाची किटली आणि घासाचा भारा येणार. पुढे डबलसीट लुना आल्या. गाडी इटलीहून आली, सीट आपल्या संसाराने लांब केली.

त्याही आधी, १९५० मध्ये, लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सहकार ही कल्पना कुठली? इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये किराणा दुकानासाठी वापरलेली. आपण किराणा दुकानाची नक्कल नाही केली. ऊस कुणाचा आणि कारखाना कुणाचा, या आपल्या प्रश्नाला ती कल्पना लावली. नक्कल कशी करावी याचं यापेक्षा चांगलं पुस्तक शोधायला परदेशी जायची गरज नाही.

कायदाही हेच बजावतो. १९७० च्या पेटंट कायद्यातल्या कलम ३(एफ) नुसार, माहीत असलेली साधनं नुसती नव्याने मांडली किंवा जोडली आणि प्रत्येक साधन आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर तो शोध धरला जात नाही. जुगाडवाल्यांना हे टोचेल. पण त्याच देशात २००० चा डिझाइन कायदा आहे, त्यात नव्या रूपाची नोंदणी करून १० वर्षं, आणि वाढवून १५ वर्षं, हक्क मिळतो. आपला एखादा वायरमन वेगळ्याच घडणीचा दिवा तयार करतो, चार वर्षांनी दुसरा कुणी तो विकतो, आणि पहिल्याच्या नावाचा कागदसुद्धा नसतो. जुगाडाचं खरं दुखणं हेच आहे: तो लिहिला जात नाही, माणसाबरोबर जातो.

मग करायचं काय

नुसतं भांडून उपयोग नाही, म्हणून पाच गोष्टी.

एक. नाटकाच्या आणि एकांकिकांच्या स्पर्धांत प्रकाशयोजनेला बक्षीस असतं. त्याच्या जोडीला एक बक्षीस स्वतः बनवलेल्या किंवा सुधारलेल्या प्रकाश-साधनाला द्या. अट एकच: त्याचा नकाशा सगळ्यांसाठी खुला करायचा. डीएमएक्सवाल्यांनी केलं तसं.

दोन. प्रत्येक प्रयोगाआधी अर्थिंग आणि सेफ्टी वायर तपासल्याशिवाय पडदा उघडायचा नाही. नारळ नंतर फोडा.

तीन. जिल्ह्यातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या पोरांनी प्रोजेक्ट म्हणून एक नकली पार उघडावा. आत काय आहे, काय टाकून दिलंय, कितीत बसवता येईल, एवढं मराठीत लिहावं आणि व्हिडिओ करून टाकावा. नक्कल पूर्ण करायची सुरुवात इथून होते.

चार. हौशी संस्था, महाविद्यालयं आणि फडांनी मिळून प्रकाश-साहित्याचं सामाईक भांडार काढावं. दोन चांगले, दुरुस्त होणारे दिवे सगळ्यांचे मिळून, आठ फेकायच्या दिव्यांपेक्षा परवडतात. प्रवरेच्या जिल्ह्याला सहकार शिकवायचा नसतो.

पाच. नावं नीट घ्या. बीमला बीम म्हणा. ज्याने शार्पी बनवली त्याचं नाव त्याच्याकडे राहू द्या. यात इटलीवर मेहेरबानी नाही. दुसऱ्याच्या नावावर जगायची सवय लागली, की स्वतःच्या कामाला नाव द्यायचं सुचत नाही.

तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता एखाद्या कॉन्सर्टचा व्हिडिओ थांबवून, झूम करून, तो दिवा कुठला ते शोधत असेल. जरूर शोधा. उचला, उघडा, उतरवून घ्या. फक्त एक प्रश्न त्याला विचारा, जो विकणारा कधीच विचारणार नाही: हा दिवा कुणाच्या चेहऱ्यासाठी बनला? उत्तर 'आपल्या नाही' असं आलं, तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवू नका. खरं काम तिथून पुढे आहे.